शेण, मेण आणि काजळी : पुनर्कथित बालकथा आणि खरवडचित्राची संहिता

१

मराठीत बालसाहित्याच्या पुस्तकाचे परीक्षण लिहिताना चित्रांचा उल्लेख बहुधा अखेरच्या परिच्छेदात, मुखपृष्ठ, छपाई आणि किंमत यांच्या जोडीने येतो. चित्रे आकर्षक आहेत, विषयाला अनुरूप आहेत, मुलांना आवडतील अशी आहेत, एवढे नोंदवून परीक्षक थांबतो. या सवयीमागे एक गृहीतक आहे. कथा शब्दांत आधीच पूर्ण झालेली असते आणि चित्र नंतर येऊन तिला चिकटते, हे ते गृहीतक होय. प्रौढांच्या साहित्याबाबत आशय आणि अभिव्यक्ती यांची अशी फारकत करता येत नाही, हे मराठी समीक्षेने पुष्कळ वादानंतर मान्य केले. बालकथेच्या पुस्तकाबाबत मात्र तीच फारकत कोणताही वाद न होता चालू राहिली आहे.

पुनर्कथित बालकथेच्या संदर्भात हे गृहीतक विशेष अपुरे ठरते. मराठीतील मुद्रित बालकथेचा आरंभच पुनर्कथनाने झाला. तंजावर येथे सरफोजीराजांच्या आश्रयाने १८०६ मध्ये छापलेली 'बालबोधमुक्तावली' ही इसापच्या कथांचा अनुवाद होती. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा' १८२८ ची. पुनर्कथनात घटना वाचकाला ठाऊक असतात. त्यामुळे नवे असते ते एवढेच की कथा कोण सांगतो आणि कोठे उभा राहून सांगतो. या दुसऱ्या गोष्टीचा निर्णय शब्दांना लांबवता येतो, चित्राला येत नाही. निवेदक 'एक घर होते' असे म्हणून पुढे जाऊ शकतो. चित्रकाराला ते घर आतून किंवा बाहेरून, दिवसा किंवा रात्री, जवळून किंवा दुरून काढावेच लागते. निवेदनाचा दृष्टिबिंदू चित्रात अपरिहार्यपणे उघडा पडतो.

लेसिंगने 'लाओकून'मध्ये (१७६६) काव्याचे क्षेत्र काल आणि चित्राचे क्षेत्र अवकाश अशी विभागणी केली. मुलांच्या चित्रपुस्तकात ही विभागणी टिकत नाही, कारण तेथे पान उलटण्याची क्रिया चित्रालाही काल प्राप्त करून देते. तरी लेसिंगचा मूळ प्रश्न उरतोच : प्रत्येक माध्यमाच्या द्रव्याला स्वतःची अशी काही अट असते काय आणि ती अट अर्थावर परिणाम करते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार खरवडचित्र, म्हणजे स्क्रॅचबोर्ड, या एका तंत्रापुरता केला आहे. हे तंत्र पुनर्कथनाला बाहेरून सजवीत नाही. कथेतील कोणते पात्र पार्श्वभूमी आणि कोणते आकृती, याची फेरमांडणी ते स्वतःच्या द्रव्याच्या बळावर करते, असे येथे प्रतिपादन आहे. त्यासाठी आधी तंत्राचे स्वरूप, मग परभाषेतील तीन पुस्तके आणि शेवटी मराठी घराघरातली चिमणी-कावळ्याची गोष्ट बीड जिल्ह्याच्या संदर्भात, असा क्रम घेतला आहे.

२

स्क्रॅचबोर्ड म्हणजे चिनी मातीचा पांढरा, गुळगुळीत लेप दिलेला पुठ्ठा. त्यावर काळ्या शाईचा एकसारखा थर द्यायचा आणि तो वाळला की धारदार टोकाने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे तंत्र युरोपात रूढ झाले, त्यामागे मुद्रणाची गरज होती. लाकडी ठशावर बारीक खोदकाम करून घेणे वेळखाऊ आणि खर्चाचे होते. खरवडचित्रात करडा रंग नसतो. जे आहे ते पूर्ण काळे किंवा पूर्ण पांढरे. त्यामुळे त्याचा छायाचित्रण-पद्धतीने सरळ लाइन ब्लॉक करता येई आणि हलक्या कागदावरही तो स्वच्छ उमटे. वृत्तपत्री जाहिरातींत हे तंत्र दीर्घकाळ वापरले गेले ते याच कारणाने.

काष्ठमुद्रा आणि लिनोकट यांच्याशी त्याचे साम्य असले तरी एक भेद महत्त्वाचा आहे. लाकूड किंवा लिनोलियम कोरताना चित्र उलटे कोरावे लागते आणि छाप घेतल्यावरच ते सुलट होते. कलावंताचा हात आणि चित्र यांच्यामध्ये ठसा उभा असतो. खरवडचित्रात असा मध्यस्थ नाही. हाताने खरवडलेली रेषा हीच शेवटची रेषा असते. ती जवळपास कायमची असते. चूक झाली तर पुन्हा शाई लावता येते, पण लेपावर पडलेला ओरखडा सहसा पुरता बुजत नाही.

यावरून तंत्राच्या तीन अटी स्पष्ट होतात. पहिली, येथे काळे आधीपासून असते. चित्रकार काळे घालत नाही, काढतो. दुसरी, प्रकाशाला श्रम पडतात. रात्र विनासायास मिळते, दिवस मात्र रेषेरेषेने मिळवावा लागतो. तिसरी, काढून टाकलेले परत घेता येत नाही. पुनर्कथनाची स्थितीही याहून फार वेगळी नाही. पुनर्कथनकारापुढे कोरा कागद नसतो. परंपरेने दिलेली, सर्वांच्या स्मरणात असलेली कथा हा त्याच्यापुढचा काळा थर असतो. तो त्यात भर घालतो असे भासले, तरी त्याचे खरे काम काय खरवडायचे आणि काय तसेच ठेवायचे हे ठरवण्याचे असते. न खरवडलेला भाग नाहीसा होत नाही, तो प्रत्येक रेषेभोवती दिसत राहतो.

हे तंत्र परके आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तंत्राचा पुठ्ठा आणि शाई परकी आहे, हे खरे. पण मराठी मुलाच्या हाताला ही कृती परकी नाही. जुन्या शाळांतून मुलांचे पहिले अक्षर धूळपाटीवर उमटे. लाकडी फळीवर धूळ पसरायची आणि काडीच्या टोकाने ती बाजूला सारून अक्षर काढायचे. तेथे अक्षर म्हणजे धूळ नसलेली जागा. पुढे दगडी पाटी आणि पांढरी पेन्सिल आली. पाटीवर काळे खरवडले जात नाही, पांढरे चढवले जाते. तरीही काळ्या पृष्ठावर पांढरी रेषा हा दृश्यक्रम तोच राहिला. पांढऱ्या कागदावर काळे अक्षर छापलेले पुस्तक मुलाच्या हाती येते, तेव्हा तोवरचा त्याचा अनुभव उलटा केला जातो. चित्रकलेच्या तासाला कागदावर मेणखडूंचे रंग घासून, त्यावर काळा थर देऊन, कर्कटकाच्या टोकाने तो खरवडण्याचा खेळही अनेक शाळांतील मुलांना परिचित असतो. यावरून स्क्रॅचबोर्डचा वंश धूळपाटीपर्यंत नेण्याचे कारण नाही. साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. मुद्दा एवढाच की खरवडलेले पान मराठी बालवाचकाला अनोळखी भाषेत बोलत नाही.

लेखन आणि चित्र एकाच पृष्ठावर एकाच हाताने घडवण्याचा पूर्वसंस्कारही मराठवाड्यात आहे. आंबेजोगाईच्या दासोपंतांची (१५५१–१६१५) 'पासोडी' हे त्याचे ठळक उदाहरण. सुमारे ४० फूट लांबीच्या या जाड कापडावर पंचीकरणाचा विषय ओव्या आणि आकृत्या यांतून मांडलेला आहे. तेथील आकृती ओवीला शोभा आणण्यासाठी काढलेली नाही. कोणती ओवी कोठे बसावी आणि डोळ्याने कोणत्या वाटेने जावे, हे आकृतीच ठरवते. पासोडी ही बालकथा नव्हे आणि खरवडचित्रही नव्हे. पण चित्र म्हणजे लेखनाचे स्पष्टीकरण नसून लेखनाची मांडणी असू शकते, हे तत्त्व तिच्यात चारशे वर्षांपूर्वी आचरणात आलेले दिसते. आधुनिक काळात याचे जवळचे भारतीय उदाहरण बंगालीत सापडते. 'पथेर पांचाली'च्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीला, 'आम आंटिर भेंपू'ला, सत्यजित राय यांनी १९४० नंतरच्या दशकात काष्ठमुद्रेच्या वळणाची चित्रे काढली आणि ती काढताना घडलेले कथेचे वाचन पुढे १९५५ च्या चित्रपटापर्यंत पोचले. चित्र काढणे ही वाचनाचीच एक रीत आहे, हे या उदाहरणावरून मान्य व्हावे.

३

खरवडचित्रांच्या साहाय्याने जुनी कथा नव्याने सांगणारी तीन अमेरिकन पुस्तके येथे तुलनेसाठी घेता येतील. तिन्ही मान्यवर आहेत, पण तंत्राच्या अटी त्यांनी सारख्या प्रमाणात मानलेल्या नाहीत.

बार्बरा कूनी यांचे 'चाँटिक्लीअर अँड द फॉक्स' (१९५८) हे चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधील कोंबडा आणि कोल्हा यांच्या कथेचे बालरूप. त्याला १९५९ चे कॅल्डिकॉट पदक मिळाले. चॉसरच्या कथेतील स्वप्नांविषयीची विद्वत्प्रचुर चर्चा येथे पुष्कळशी गळून पडते. गरीब विधवा, तिच्या दोन मुली आणि तिचे लहानसे खोपट ही आरंभीची चौकट मात्र राहते. कूनी यांनी तंत्र वापरले ते मध्ययुगीन काष्ठमुद्रेचा भास निर्माण करण्यासाठी. पान पांढरेच राहते, त्यावर काळ्या आकृती उभ्या राहतात आणि मोजके रंग येतात. चित्रे देखणी आहेत. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. चॉसरने विधवेचे घर धुराने, काजळीने काळवंडलेले सांगितले आहे आणि खरवडचित्राचा काळा थर हा त्या काजळीचा सरळ पर्याय होऊ शकला असता. कूनी यांच्या पानांवर ती काजळी उतरत नाही, खोपट स्वच्छ होते. तंत्र येथे प्राचीनतेची खूण म्हणून येते. त्याच्या द्रव्याने कथेच्या अर्थात हस्तक्षेप केलेला नाही.

ब्रायन पिंकनी यांनी चित्रित केलेले आणि रॉबर्ट सान सूसी यांनी लिहिलेले 'साँद्रियाँ' (१९९८) हे सिंड्रेलाच्या कथेचे कॅरिबियन पुनर्कथन. कथा मार्तिनिक बेटावर घडते आणि ती राजकन्येची नव्हे, तिच्या धर्ममातेची, एका गरीब परटिणीची, आठवण म्हणून सांगितली जाते. निवेदकच बदलल्यामुळे कथेचे वर्गीय स्थान बदलते. पिंकनी काळा थर खरवडतात आणि उघड्या झालेल्या रेषांवर रंग चढवतात. सावळ्या, काळ्या त्वचेचे चित्रण ते कसे करतात, हे पाहणे उद्‌बोधक आहे. पांढऱ्या कागदावर काळी त्वचा रंगवायची तर चित्रकार पांढऱ्यात काळे भरतो. म्हणजे प्रकाशाच्या जागी त्याचा अभाव ठेवतो. पिंकनी यांच्या चित्रात काळा रंग मूळ द्रव्य असतो. गालाच्या, दंडाच्या, मनगटाच्या गोलाईबरोबर वळणाऱ्या असंख्य बारीक रेषा त्यातून आकार बाहेर काढतात. त्वचेचा काळेपणा येथे उणेपणाची खूण उरत नाही; रेषा जिच्यातून निघते ती भूमी होतो. जी गोष्ट निवेदक बदलून शब्दांनी साधली, तीच काळ्याला भूमी मानून चित्राने साधली. दोन्ही कृती एकाच दिशेच्या आहेत, म्हणून हे पुस्तक पुनर्कथन या संज्ञेला पूर्णतः पात्र ठरते.

तिसरे पुस्तक सुझन मरी स्वॉन्सन यांच्या शब्दांचे आणि बेथ क्रॉम्स यांच्या चित्रांचे 'द हाउस इन द नाइट' (२००८). एका पारंपरिक साखळीगीताच्या प्रेरणेतून ते लिहिले गेले आणि त्याला २००९ चे कॅल्डिकॉट पदक मिळाले. त्यातील काळ्या-पांढऱ्या चित्रांत एकच रंग येतो, सोनेरी पिवळा. दिवा, चंद्र, सूर्य आणि त्यांच्यासारख्या उजेडाच्या जागा तेवढ्या पिवळ्या होतात. रात्र येथे भयाची नाही, घराची आहे. मर्ढेकरांच्या लयतत्त्वांच्या परिभाषेत सांगायचे तर खरवडचित्राचा सहजधर्म विरोधलयीचा असतो. क्रॉम्स यांनी पिवळ्याच्या योगाने त्याला संवादलयीची जोड दिली आणि प्रत्येक पानावर समतोल राखला. मात्र या घराला दार उघडायचे की नाही, असा प्रश्नच पडत नाही. किल्ली पहिल्याच पानांत मुलाच्या हाती दिलेली असते.

तीन पुस्तकांच्या या तुलनेतून एक निकष हाती लागतो. खरवडचित्र पुनर्कथनाला अर्थ देते की केवळ रूप देते, हे त्यातील काळ्याला कथेत काय स्थान मिळाले यावरून ठरते. कूनी यांच्याकडे काळा ही शैली आहे, क्रॉम्स यांच्याकडे तो वातावरण आहे, पिंकनी यांच्याकडे तो पात्र आहे.

४

हा निकष मराठी कथेला लावून पाहायचा तर चिमणी-कावळ्याच्या गोष्टीइतकी सोयीची दुसरी कथा नाही. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा चिमणीच्या दाराशी येतो. चिमणी दार उघडत नाही. बाळाची अंघोळ व्हायची आहे, तीट लावायची आहे, काजळ घालायचे आहे, निजवायचे आहे, अशी एकेक कारणे सांगते. शेवट सांगणाऱ्यागणिक बदलतो. कोठे कावळा भिजतच राहतो, कोठे त्याला चुलीजवळ जागा मिळते आणि तो भाजतो, कोठे तो चिमणीच्या घरात नुकसान करतो. कथेचा प्रचलित बोध शहाणी चिमणी आणि गाफील कावळा असा.

या बोधाचे मूळ निवेदनाच्या स्थानात आहे. कथा सांगणारी आई किंवा आजी चिमणीबरोबर घरात बसलेली असते. बाळाची अंघोळ, तीट, काजळ हे सगळे तपशील घराच्या आतले आहेत. बाहेरचा तपशील एकच, पाऊस. दाराच्या अलीकडचा काल कृतींनी भरलेला आहे आणि पलीकडचा काल निव्वळ थांबण्याचा. ऐकणारे मूलही आईच्या कुशीत, म्हणजे दाराच्या अलीकडे, असते. म्हणून त्याला ही गोष्ट सुरक्षिततेची वाटते.

पण ही गोष्ट ऐकणारे प्रत्येक मूल दाराच्या अलीकडे नसते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास फार मोठ्या संख्येने ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायको मिळून राबतात. त्या जोडीला व्यवहारात 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसांना मिळून एका हत्याराचे नाव आहे आणि बरोबर नेलेल्या मुलाला या हिशेबात नावच नाही. कारखान्याच्या परिसरात किंवा फडाजवळ कळक, पाचट, ताट्या आणि ताडपत्री यांची कोपी उभी राहते. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे यांचे प्रयत्न झाले, तरी अनेक मुलांचे वर्षातील काही महिने कोपीतच जात आले आहेत. पावसाने घर वाहून जाणे या मुलाला रूपक वाटणार नाही. गोष्टीतले त्याच्या ओळखीचे घर कावळ्याचे आहे. प्रचलित बोध मानला तर त्याने स्वतःला गाफील समजायला हवे.

पुनर्कथनापुढील खरा प्रश्न येथे उभा राहतो. शब्दांनी तो सोडवण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. चिमणीला दार उघडायला लावायचे, म्हणजे कथा परोपकाराची होते. किंवा कावळ्याला मेणाचे घर द्यायचे, म्हणजे ती प्रगतीची होते. दोन्ही मार्गांत कावळा उणाच राहतो, केवळ त्याच्या उणेपणावर इलाज होतो. खरवडचित्राची संहिता याहून वेगळी शक्यता दाखवते.

काळ्या फलकावर ही कथा काढायला घेतली की पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी : कावळा आधीच तेथे आहे. तो काढावा लागत नाही. फलकाचा काळा हाच त्याचा रंग. चिमणी मात्र पिसापिसाने, असंख्य बारीक ओरखड्यांनी बाहेर काढावी लागते. तिचे घर, तिचे दार, तिचे बाळ हे सारे कावळ्याच्याच काळ्यातून खरवडलेले असते. कथेत चिमणी यजमान आणि कावळा आगंतुक. फलकावर कावळा भूमी आणि चिमणी त्या भूमीवर आलेली. नैतिक उतरंड शब्दांत तशीच राहिली, तरी द्रव्यात ती उलटते. रात्रीच्या अंधारातून कावळा वेगळा दाखवायचा तर चित्रकाराला त्याच्या कडेने एकच रेषा, पाठीवरच्या ओल्या पिसांवरून घसरणाऱ्या पावसाची रेषा, पुरते. कावळ्याला रूप देणारा उजेड चिमणीच्या दिव्याकडून येत नाही, तो पावसाकडून येतो. कावळ्याला बेघर करणारी आणि कावळ्याला दृश्य करणारी रेषा एकच असते.

दुसरी गोष्ट दाराची. बंद दाराची फट म्हणजे फलकावरचा एक उभा ओरखडा. पान उलटत जाईल तसा तो रुंद होऊ शकतो किंवा तसाच राहू शकतो. पण एकदा पडलेला उजेड त्या फलकावरून सहजी परत घेता येत नाही. चिमणीच्या प्रत्येक सबबीला एक पान दिले, तर प्रत्येक पानावर चित्रकाराला उत्तर द्यावे लागेल की फट किती उघडली. शब्दांतली चालढकल चित्रात मोजता येण्याजोगी होते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चिमणी ज्यासाठी दार अडवते त्या कृतींत तीट आणि काजळ आहे. तीट म्हणजे बाळाच्या गालावर, कपाळावर लावलेला काळा ठिपका, दृष्ट लागू नये म्हणून. काजळ म्हणजे दिव्याची काजळी. मराठी घरात काळ्या रंगाचे दुहेरी स्थान आहे. तो अशुभ मानला जातो आणि अशुभापासून राखणाराही मानला जातो. शब्दांत कथा सांगताना हे दुहेरीपण ऐकू येत नाही, कारण तीट आणि कावळा हे दोन वेगळे शब्द आहेत. फलकावर ते एकच द्रव्य आहे. बाळाचा गाल खरवडून उजळ करताना तिटीचा ठिपका न खरवडता ठेवावा लागतो. म्हणजे बाळाच्या गालावर जो उरतो तो बाहेर भिजणाऱ्या कावळ्याच्याच काळ्याचा थेंब. ज्या काळ्याला चिमणी बाहेर ठेवते, त्याच काळ्याने ती बाळाचे रक्षण करते. कोणताही नवा प्रसंग न घालता, शेवट न बदलता, कथेचा बोध येथे आतून हलतो. हे काम निवेदकाच्या भाष्याने केले असते तर ते उपदेशात जमा झाले असते.

मेणाचाही विचार करायला हवा. ही कथा केवळ पावसाची आहे, उन्हाची नाही. पर्जन्यछायेतील, वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या या जिल्ह्यात पावसाचे दिवस थोडे आणि ४० अंशांवर जाणारा उन्हाळा मोठा. तेथे धोक्यात येणारे घर कोणते, याचे उत्तर वेगळे असेल. शेणाने सारवलेली भिंत आणि जमीन उन्हाळ्यात टिकते, गारवाही देते. बैल असलेल्या घरात शेण ही घाण नसते, ते सारवण असते आणि गोवरीही असते. मेण मात्र वितळते. कथेचा ऋतू बदलला की तिचे शहाणपण बदलते, म्हणजे ते शहाणपण एका ऋतूपुरते होते, हे उघड होते. खरवडचित्रात ऋतूचा हा बदल श्रमाच्या रूपाने दिसतो. पावसाळी रात्रीला थोडे ओरखडे पुरतात. भर उन्हाचे पान मिळवायचे तर जवळजवळ सगळा काळा थर काढावा लागतो. आणि तो काढला की सावलीही जाते. उन्हाच्या पानावर उरलेला काळा म्हणजे सावली, आणि त्या पानावर चिमणीला हवी असते ती सावलीच.

५

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप संभवतो. काळ्या फलकावर दारिद्र्य फार चटकन देखणे होते. कोपी, चूल, धूर, रात्र यांचे काळे-पांढरे चित्र पाहणाऱ्याला हेलावून सोडते आणि हेलावलेला वाचक स्वतःवर खूश होऊन पान उलटतो. हा धोका काल्पनिक नाही. मुंबईत अनेक वर्षे राहिलेले चित्रकार चित्तप्रसाद यांनी राबणाऱ्या मुलांवर केलेली लिनोकट मालिका 'एंजल्स विदाउट फेअरी टेल्स' या नावाने १९६९ मध्ये डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने प्रसिद्ध केली. परीकथा ज्यांच्या वाट्याला आली नाही अशी मुले, असे तिचे नाव सांगते. तेथील काळा वजनदार आहे, तो मुलांच्या अंगावर ओझ्यासारखा बसतो आणि तो तसा बसावा हाच चित्तप्रसादांचा हेतू आहे. ती चित्रे मुलांविषयी आहेत. मुलांनी पाहावीत हा त्यांचा प्रथम हेतू नाही. बालकथेच्या चित्रकाराला ही सवलत नाही. त्याचा वाचक तेच मूल असते. त्याला त्याचे ओझे पुन्हा दाखवण्यात काही साधत नाही.

म्हणून खरवडचित्रातील काळा कशाचे चिन्ह व्हावा, हा निर्णय केवळ सौंदर्यदृष्टीचा राहत नाही. ऊसतोडीचे काम पहाटेच्या अंधारात सुरू होते, गाड्या भरण्याचे काम रात्रीही चालते, आणि त्याआधी बाईची चूल पेटलेली असते. कोपीतल्या मुलाच्या लेखी अंधार म्हणजे भय किंवा अज्ञान नव्हे. तो आईबापांच्या कामाचा वेळ आहे. 'अज्ञानाचा अंधार' आणि 'ज्ञानाचा प्रकाश' या शालेय रूपकाला चिकटून त्या मुलासाठी खरवडचित्र काढले, तर त्याच्या घराला अज्ञान म्हटल्यासारखे होईल. उलट, अंधारात काय काय दिसते हे रेषांनी नोंदवले, चुलीतल्या निखाऱ्याची कडा, बैलाच्या शिंगाची वळणे, पाचटाची धारदार पाती, तर काळा ही पाहण्याची जागा होते. पिंकनी यांनी त्वचेबाबत जे केले ते येथे वेळेबाबत करावे लागेल.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. अशी पुस्तके महाग होतात आणि ज्यांच्यासाठी ती काढायची त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, असे म्हटले जाईल. पोचण्याचा प्रश्न खरा आहे. किमतीचा तितकासा नाही. खरवडचित्राला एकच शाई लागते, साध्या कागदावर ते नीट उमटते; चाररंगी छपाईच्या तुलनेत ते स्वस्त पडते. हे तंत्र मुळात स्वस्त छपाईसाठीच रूढ झाले होते, हे वर आलेच आहे. शिवाय मेणखडू आणि काळी शाई एवढ्या साहित्यावर मुलाला स्वतःला ते करून पाहता येते. पुस्तकातील चित्राची रीत वाचकाच्या हातात उतरू शकणे हा बालसाहित्यात किरकोळ गुण नव्हे. कथा ऐकलेले मूल ती आपल्या परीने पुन्हा सांगते. चित्र पाहिलेले मूल ते पुन्हा काढू शकले, तर पुनर्कथनाचा अधिकार त्याच्याकडे जातो. मेणाच्या रंगावर काळा थर देऊन तो खरवडणारे मूल शेवटी कोणाचे घर काढील, हे आधी सांगता येत नाही आणि सांगूही नये.

मराठी बालसाहित्याच्या समीक्षेपुढे यातून एक मर्यादित पण निश्चित काम येते. पुनर्कथित कथेचे परीक्षण करताना शब्दांत काय बदलले याबरोबरच चित्रात भूमी कोण आणि आकृती कोण, उजेड कोठून येतो, दार कोणत्या बाजूने काढले आहे, हे प्रश्न विचारायला हवेत. चित्रे आकर्षक आहेत या वाक्याने त्यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही. चिमणीचे दार मराठीत पिढ्यान्‌पिढ्या आतून सांगितले गेले आहे. बाहेरून काढलेल्या त्या दाराचे पुस्तक जेव्हा कोणी करील, तेव्हा ते वाचण्याची परिभाषा समीक्षेजवळ तयार असली पाहिजे.